ऑक्टोबरची छाटणी

द्राक्षाच्या काडीवरचा डोळा, म्हणजे अजून न फुटलेला कोंब, धारदार पात्याने आडवा कापला की आत शेजारी शेजारी तीन ठिपके दिसतात. मधला मोठा, त्याच्यातून येणाऱ्या फुटीला घड लागतात. त्याच्या बाजूचा लहान. मधला मेला तर हा फुटतो, पण घड कमी देतो. तिसरा टाचणीच्या टोकाएवढा, त्याच्यातून बहुतेक नुसती पानंच येतात. जिवंत ठिपका हिरवा असतो, मेलेला तपकिरी. पण थंडीने मेलेला डोळा बागेतून आणून लगेच कापला तर तोही हिरवाच दिसतो. त्यासाठी काड्या एक-दोन दिवस घरातल्या उबेत ठेवाव्या लागतात. मग मेलेला भाग काळवंडतो आणि खरं काय ते कळतं.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी अशा काड्यांच्या दोन जुड्या आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर छत्तीस तास पडून होत्या. एका जुडीला पांढरा दोरा होता, दुसरीला लाल. लाल दोरा अण्णांनी स्वतः बांधला होता.

अण्णा म्हणजे गुरुनाथ, माझे सासरे. त्यांनी निफाडला चाळीस वर्षं द्राक्षबाग केली. त्यांचा मुलगा यतीन माझा नवरा. तो अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ट्रॉय शहरात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. मी तिथून चार तास उत्तरेला, मिशिगनच्या सरोवरात बोटासारख्या शिरलेल्या जमिनीच्या एका पट्टीवर राहते आणि जवळच्या फळसंशोधन केंद्रात काम करते. कुठल्या जातीचा डोळा किती थंडी सोसतो, हे मोजणं हे माझं काम. घरामागे दीड एकरात रिस्लिंगच्या नऊ ओळी आहेत. रिस्लिंग ही थंड मुलखातली जात. हिचे डोळे उणे वीसपर्यंत बहुतेक टिकतात, त्याखाली मरू लागतात. आमच्या पट्टीला दोन्हीकडून पाणी आहे. शरद ऋतूत ते हळूहळू थंड होतं, वसंतात हळूहळू तापतं, त्यामुळे इथे द्राक्ष होतं. जमीन यतीनने शोधली होती, जात मी निवडली होती. नऊ वर्षांपूर्वी दोघांनी मिळून खड्डे काढले. तो घरून काम करणार आणि आम्ही इथेच राहणार, असं ठरलं होतं. मग कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. तो आठवड्याचे पाच दिवस ट्रॉयला राहू लागला, मग दहा, मग महिन्यातून एखादा शनिवार-रविवार इकडे.

यतीन आणि मी वेगळं व्हायचं ठरवलं, त्याला त्या मार्चमध्ये एकवीस महिने झाले होते. अण्णांना ते माहीत नव्हतं.

भांडण असं झालं नव्हतं. जूनमधल्या एका रविवारी ट्रॉयला परत निघण्याआधी तो याच ओट्याशी उभा राहून म्हणाला, की इकडे यायला निघालो की दर वेळी वाटेत गाडी वळवावीशी वाटते. मी कारण विचारलं. त्याने खूप विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की कारण असं काही नाही. कारण असतं तर मी त्यावर काही करू शकले असते. त्याची चहाची कपबशी मी धुवून ठेवली. तो गेल्यावर पुन्हा काढून पुन्हा धुतली.

अण्णांना कधी सांगायचं हे आम्ही पिकाच्या अवस्थांवर ढकलत गेलो. त्या जूनमध्ये वेली फुलोऱ्यात होत्या, म्हणून मण्यात पाणी उतरलं की सांगू, असं ठरलं. पाणी उतरलं तेव्हा अण्णांचं निफाडचं तिकीट आठवड्यावर आलं होतं. सासूबाई गेल्यापासून ते एप्रिलमध्ये इकडे येत आणि सप्टेंबरमध्ये परत जात. एप्रिलची खरड छाटणी, जी नुसत्या काड्या वाढवायला करतात, ती ते पुतण्यावर, मनोहरवर सोपवत, पण ऑक्टोबरची गोडी छाटणी, जिच्यावर पुढचं पीक ठरतं, ती त्यांनी कधी कुणावर सोडली नाही. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला असं काही ऐकवायचं नाही, म्हणून परत आले की सांगू, असं ठरलं. पुढच्या एप्रिलमध्ये ते आले ते घर आणि बाग दोन्ही मनोहरच्या नावावर करून. विमानतळावर दोन बॅगा गाडीत टाकताना म्हणाले, "आता परत जायची कटकट नाही. नांगर टाकला." यतीनने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

तेव्हापासून यतीन महिन्यातून एकदा येऊ लागला. येताना ट्रॉयच्या देशी दुकानातून अण्णांसाठी कोथिंबीर, तोंडली आणि बाकरवडी आणायचा. रात्री अण्णांच्या खोलीचं दार लागलं की तो दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपायचा आणि त्यांना जाग यायच्या आत चादर घडी करून ठेवायचा. ती चादर मी धुवायला टाकत नसे. एवढंच सांगते.

अण्णांना इकडचं हवामान म्हणजे चेष्टेचा विषय होता. "आम्ही द्राक्ष तोडून शीतगृहात ठेवतो," ते म्हणायचे, "तुम्ही बागच शीतगृहात लावली." पण बागेत गेले की त्यांची पाठ सरळ व्हायची. माझ्या कलमांवर ते नावं ठेवत, ओळींतलं अंतर जास्त आहे म्हणत, आणि कुणी पाहत नसलं की वेलीच्या खोडावर हात ठेवून उभे राहत.

गेल्या ऑक्टोबरात आमची रिस्लिंग बारा तारखेला उतरली. उन्हाळा कडक गेला होता, त्यामुळे लवकर. दोन दिवसांनी मी एका परिषदेसाठी न्यूयॉर्क राज्यात गेले. तिथेही तळ्यांकाठी द्राक्षाचा थंड मुलूख आहे. शनिवारी परत आले. दिवाळी सोमवारी होती आणि यतीन शनिवारी रात्री येणार होता. गाडीतून उतरतानाच मला दिसलं, की घराकडच्या पाच ओळींतून पलीकडचं पाणी दिसतंय. पाच ओळी छाटलेल्या होत्या. हिरव्या पानांसकट काड्या ओळींच्या मधे नीट रचून ठेवल्या होत्या. पहिल्या वेलीच्या खोडाला हळदकुंकू लावलेलं होतं. अण्णा सहाव्या ओळीच्या टोकाशी कात्रीला धार लावत बसले होते.

नंतर मी हा प्रसंग पुष्कळदा तपासला. त्यांची चूक अडाणीपणाची नव्हती. निफाडला बाग वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा. दर एप्रिलला अण्णा इकडे यायचे तेव्हा मी शेवटच्या ओळी छाटत असायची. त्यांनी ती आमची खरड छाटणी धरली. ऑक्टोबरची छाटणी आपण नसताना होत असणार, हे त्यांनी गृहीत धरलं. आमच्याकडे वर्षात एकच छाटणी असते, ती थंडी सरल्यावर, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांतला हा पहिला ऑक्टोबर होता, ज्यात छाटायला त्यांची स्वतःची बाग नव्हती. छाटणीला मजूर येतील तोवर अर्धी बाग तरी हातावेगळी करावी, मुलगा येऊन बघेल, असं त्यांच्या मनात आलं.

मी त्यांना समजावून सांगितलं. पानं झडेपर्यंत वेल अन्न बनवून खोडात साठवते, त्या साठ्यावर डोळे थंडी काढतात, पानं आधीच काढली तर साठा अपुरा राहतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे मी त्यांचं पांघरूण काढलं." मी म्हटलं, हिवाळा सौम्य गेला तर काही होणार नाही. हे खरं होतं.

यतीन त्या रात्री आला नाही, कामाचं काहीतरी निघालं. पुढच्या रविवारी आला. छाटलेल्या ओळींच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. मग म्हणाला, "अण्णा, निदान विचारायचं तरी." एवढंच. जेवायला थांबला नाही. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा त्याने काच खाली केली.

"इला, आय कान्ट डू धिस एनी मोअर," तो म्हणाला. "हे दर महिन्याचं नाटक. मी नाही येणार आता. तू सांग त्यांना. नाहीतर मी फोनवर सांगतो."

"फोनवर नको," मी म्हटलं. "मी सांगते."

मी सांगितलं नाही. नोव्हेंबरमध्ये तो आला नाही. डिसेंबरमध्येही नाही. अण्णांना मी कधी कंपनीत काम वाढलंय म्हणून सांगितलं, कधी रस्ते बंद आहेत म्हणून. रस्ते काही दिवस खरंच बंद होते. त्यांनी एकदाही जास्त विचारलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटत होतं. त्यांच्या न विचारण्याचं कारण काय असेल, असा विचार मी केला नाही. कामावर मी असं कधी करत नाही. एखादा आकडा अपेक्षेपेक्षा शांत असेल तर मी उपकरण तपासते.

जानेवारीच्या शेवटी आमच्या पट्टीलगतची सरोवराची खाडी गोठली. पाणी उघडं असतं तोवर ते आम्हाला ऊब देतं, बर्फ धरलं की ती ऊब थांबते. त्यानंतर दोन पहाटा उणे चोवीस. अण्णा स्वेटरवर स्वेटर घालून खिडकीशी उभे होते, बाहेरच्या थर्मामीटरकडे बघत. मी नाश्त्याला हाक मारली तर म्हणाले, भूक नाही.

म्हणून मार्चमध्ये या दोन जुड्या. पांढऱ्या दोऱ्याच्या काड्या न छाटलेल्या चार ओळींतल्या, लाल दोऱ्याच्या अण्णांनी छाटलेल्या पाच ओळींतल्या. मी सगळ्यांचा मिळून एकच अंदाज काढणार होते. अण्णा म्हणाले, दोन्हीकडचे वेगळे मोज. मी म्हटलं, त्याची गरज नाही. ते म्हणाले, "तुला नसेल."

आम्ही नऊ वाजता बसलो. टेबलावर दिवा, भिंग, पाती. मी कापत होते आणि मुख्य डोळा जिवंत की मेला ते सांगत होते. अण्णा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा ओढत होते, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

"आमच्याकडंही काडी तपासतात," ते मधेच म्हणाले. "पण ती आत घड आहे का बघायला. तुमच्याकडं जीव आहे का बघायला."

पांढऱ्या जुडीतल्या शंभरांपैकी सत्तावन्न मेले होते. वाईट, पण काड्या जास्त ठेवल्या तर निम्मं पीक येईल. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लाल जुडीचा दोरा सोडला.

पहिला डोळा तपकिरी निघाला, दुसरा तपकिरी, तिसराही. विसाव्यानंतर मी "मेला" म्हणायचं सोडलं, नुसतं पातं बाजूला करत होते आणि ते रेघ ओढत होते. एकतिसावा जिवंत निघाला तेव्हा त्यांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. शेवटी बेरीज शहाण्णव झाली. दुय्यम डोळेही जवळजवळ सगळे गेले होते.

त्यांनी दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि वजाबाकी केली.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. "सत्तावन्न थंडीचे. एकोणचाळीस माझे."

मी म्हटलं, नमुना लहान आहे, शंभरात चार-पाच इकडेतिकडे होऊ शकतात.

"मग पस्तीस धर."

त्यांनी कॅलेंडरच्या पानाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग चहा ठेवायला उठले. चहा ते नेहमी स्वतः करत, मी केलेला त्यांना पाणचट लागायचा. पातेल्याकडे तोंड करूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली. मनोहरशी बोलणं झालं होतं. दोन एप्रिलचं तिकीट काढायला सांगितलं होतं. घरात आता मनोहरच्या सुनेच्या माहेरचं माणूस राहतं, पण पॅकिंग शेडच्या वर एक खोली आहे, तिला पत्रा नवीन घातलाय, एका माणसाला पुष्कळ झाली.

मला वाटलं, बाग गेली म्हणून त्यांचं मन उडालंय. मी म्हटलं, चार ओळी आहेत अजून, आणि या पाच ओळींच्या कलमावर शरदात माती चढवलेली होती, बुडातून फुटतील, तीन वर्षांत पुन्हा उभ्या राहतील.

"वेलींचं नाही गं," ते म्हणाले.

त्यांनी गॅस बंद केला, पण चहा गाळला नाही. ते येऊन समोर बसले.

"यतीन पाच महिने आला नाही. मी काय आंधळा आहे? त्या रविवारी तो ओळी बघून गेला तो गेलाच. त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. रागावला तर ओरडत नाही, यायचं बंद करतो. लहानपणी एकदा मी त्याची पेरूची रोपटी तणाबरोबर उपटली होती, तर महिनाभर मळ्यात पाय ठेवला नाही त्यानं. आणि बाप घरात असला की मुलाला राग काढता येत नाही. मग तो बायकोवर निघतो. तू फोन घ्यायला गाडीत जाऊन बसतेस. बोलून आलीस की हात धूत राहतेस. मी बघतो सगळं."

मी म्हणाले, "अण्णा, तसं नाही."

"ऐक. मी कुणाला दोष देत नाही. चूक माझी होती, मोजून पाहिली. माझ्या कात्रीनं नुसत्या काड्या नाही तुटल्या. मी गेलो की तो येईल. आठवड्याभरात येईल बघ. त्याला मी विमानात बसल्यावर सांग, आधी नको. आधी सांगितलंस तर थांबवायला येईल आणि मग पुन्हा तोंडदेखलं वागेल." ते किंचित हसले. "तुमचं नीट चालू झालं म्हणजे मला कळव. एवढंच कर माझं."

चहावर साय धरू लागली होती. बाहेर छपरावरचं बर्फ वितळून थेंब थेंब पडत होतं.

मी तेव्हा काय विचार केला तो जसा होता तसाच लिहिते. मी विचार केला, की गप्प राहिले तर ते दोन एप्रिलला निघतील. पत्र्याच्या खोलीत राहतील, पण मुलाचा संसार आपण सावरला या समाधानात राहतील. यतीनला सांगावं लागणार नाही, मलाही नाही. फोनवर, हळूहळू, कधीतरी. किंवा कधीच नाही. हे मी करू शकत होते, आणि किती सहज करू शकत होते, ते मला स्पष्ट दिसलं. त्या पाच महिन्यांत मी दुसरं काय केलं होतं? एका पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाने आमच्यातलं अंतर स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि मी त्याला ते वाहू दिलं होतं, कारण त्यामुळे मला बोलावं लागत नव्हतं.

आणखीही एक गोष्ट होती. अण्णा या घरात होते तोवर यतीनची बाकरवडी इथे येत होती, त्याची चादर सोफ्यावर घडी करून ठेवलेली असायची. अण्णांना सांगायचं राहिलं होतं तोवर काहीतरी व्हायचं राहिलं होतं. त्यांना वाचवण्यासाठी मी थांबले, असं मी स्वतःला सांगत आले होते. ते पूर्ण खरं नव्हतं.

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. त्यांच्या बोटांना काड्यांचा चीक लागून वाळला होता.

यतीन आणि मी आपसात ती गोष्ट नेहमी इंग्रजीतच बोललो होतो. सेपरेट होऊ, पेपर्स फाइल करू. मराठीत तो शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता, एकटी असतानाही नाही. अण्णांना तो इंग्रजीत सांगता आला नसता.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही छाटणी केलीत ती गेल्या ऑक्टोबरात. आमचं ठरलं ते त्याच्याही आधीच्या वर्षी, जूनमध्ये. तेव्हा तुम्ही इथेच होतात. वेली फुलोऱ्यात होत्या."

"काय ठरलं?"

"यात तुमचं काही नाही. पस्तीस नाही आणि एकही नाही. यतीन तुमच्यावर रागावलेला नाही. तुम्ही गेलात तरी तो इथे येणार नाही."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"आम्ही घटस्फोट घेतोय, अण्णा," मी म्हणाले.